मुळाप्रमाणे छापावे

पणजीच्या सरकारी छापखान्यात
खिडकीपासून तिसरं टेबल माझं.
गुरुवारचं राजपत्र माझ्या हाताखालून जातं:
बदल्या, निविदा, हरवलेले शिक्के,
नाव बदलून घेतलेली माणसं.
रुजारियु मोठ्याने वाचतो, मी बोट ठेवत मागे मागे जाते.
वीस वर्षं झाली. कायदा आधी आम्हा दोघांना भेटतो,
मग राज्याला.

त्या दिवशी मंगळवार, आणि असाधारण अंक.
रुजारियुने मासच्या सुरात सुरुवात केली:
'ज्याअर्थी विधानसभेचे अधिवेशन चालू नाही,
आणि ज्याअर्थी तातडीने कार्यवाही करणे आवश्यक व्हावे
अशी परिस्थिती अस्तित्वात असल्याबद्दल
राज्यपालांची खात्री पटली आहे...'
थांबला. चष्मा शर्टाला पुसला.
'फेब्रुवारीतही पटली होती गे.'
आणि त्याआधी चवथीच्या तोंडावर.
तोच मजकूर, तीच कलमं,
तारीख तेवढी धुऊन नेसवलेली.

समोर, मांडवीपल्याड, पर्वरीच्या टेकडीवर
चाळीस खुर्च्या.
एकवीस हात वर झाले असते तर हा कागद
दुपारी माझ्याकडे चोरपावलांनी आला नसता.
सभागृह मध्ये दोनदा भरलं होतं, चार-चार दिवस.
शोकप्रस्ताव झाले, अभिनंदनाचे ठराव झाले,
विधेयक काही कुणी मांडलं नाही.

कलम तीन, ओळ दुसरी:
'खाजगी जमिनीचे रूपांतर.'
माझं बोट तिथेच राहिलं.
दिवाडीला आमचं घर खाजनाच्या काठाला.
खाजन गावाचं, गावकरीचं;
एकट्याचं असेल तर पहिल्याच उधाणात खारं होईल.
'न' जाऊन 'गी' आली होती. एवढंच.
खिळा सरकला की माणूस?

माझा अधिकार पेन्सिलीएवढा.
मी समासात प्रश्नचिन्ह काढलं.
तीन तासांनी पर्वरीहून शिपाई आला, माझ्या चिन्हाखाली
हिरव्या शाईत: मुळाप्रमाणे छापावे.
छापलं.

बाबा मानशीवर होते, बत्तीस वर्षं.
मानस म्हणजे बांदातलं लाकडी दार,
त्याला कडी नाही, कुलूप नाही.
ओहोटीला शेतातलं पाणी ते ढकलून बाहेर जातं.
भरतीला नदी आत शिरायला बघते,
आणि तिच्याच धक्क्याने दार मिटतं.
'जोर जितका जास्त, तितकं घट्ट,' बाबा म्हणायचे,
आणि लगेच, 'पण कुर्ल्या बघ.
दार कुणी मोडत नाही. बांद पोखरतात, रात्रीच्या,
बोटाएवढ्या भोकातून.'

पावसाळी अधिवेशन भरलं तेव्हा
मी दिनदर्शिकेवर पहिला टिंब दिला.
सहा आठवडे. बेचाळीस टिंब.
त्यानंतर अध्यादेश आपोआप सरतो,
मांडून मंजूर केला नाही तर.
विसाव्याला रुजारियुने विचारलं, कुणाचे दिवस मोजतेस?
तिसाव्याला कुणीतरी म्हणालं, अठराच हात आहेत,
दोघे तळ्यात मळ्यात, एक इस्पितळात.
चाळिसाव्याला डोंगर कापणारी यंत्रं
बांदाशेजारी येऊन उभी होती, अजून थंड.

बेचाळीसावा दिवस रविवार.
काहीच झालं नाही.
कायदा मेला तर राजपत्रात निधनवार्ता येत नाही.
रुजारियु मासहून परतताना पाव घेऊन आला,
आम्ही चहा घेतला, तो नातीच्या दातांबद्दल बोलला.

रात्री भरती होती. झोप लागत नव्हती म्हणून
बॅटरी घेऊन बांदावर गेले.
मानस मिटल्याचा आवाज येतो, धप्प,
ओल्या पोत्यावर कुणी बसावं तसा.
तो आला.
मग बॅटरी खाली धरली, मातीवर,
आणि भोकं मोजायला लागले.

सोमवारी पर्वरीत परत कुलूप.
मंगळवारी पेन्सिल तासून ठेवली.